उम्म बदवी कुठं राहते?

डोकी मोजायची, त्यात काय एवढं, असं आमचे रिफअत साहेब म्हणाले होते. त्यांना काय जातंय म्हणायला! ते पर्यवेक्षक, कचेरीतल्या खुर्चीवर बसून मोजतात. जिने चढायचे ते आम्ही.

मी शाळेतली बाई. शुब्रा अल-खैमात तेवीस वर्षं एकेका वर्गात सत्तर-सत्तर पोरं सांभाळली. शाळा दोन पाळ्यांत भरते, आणि दुसऱ्या पाळीची पोरं बाकावर बसतात तेव्हा पहिल्या पाळीच्या पोरांची ऊब अजून त्यावर असते. शिरगणती आली की सरकारला पहिली आठवण आम्हा मास्तरांची होते. अक्षर बरं असतं आणि नाही म्हणायची सवय नसते, म्हणून असेल. माझ्या वाट्याला बहतीममधल्या चार गल्ल्या आल्या. चारच, म्हणून मी खूश झाले होते. अक्कल माझी! पहिल्या गल्लीतच साडेनऊशे माणसं निघाली, आणि ती सगळी आडवी नाही, एकावर एक.

नियम सोपा होता. गणतीच्या रात्री जो जिथं झोपला, तिथं त्याची नोंद. एक माणूस, एक जागा. कागदावर किती छान वाटतं.

हाजी शहाताच्या घरी मी पोचले तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. हाजी वारून सहा वर्षं झाली, पण घर अजून त्याच्याच नावानं ओळखतात. सहा मजले, रुंदी दोन खोल्यांची, आणि गच्चीतून वर आलेल्या गंजलेल्या सळ्या. आमच्याकडं सळ्या कुणी कापत नाही. कापल्या तर घर संपलं असं होतं, आणि घरात लग्नाची पोरं असताना घर संपवून कसं चालेल?

तळमजल्यावर दुकानाचा गाळा. इस्त्रीवाला हिलाल नुकताच सोडून गेला होता. मी लिहिलं, ‘दुकान, रिकामं’. गटाराचं पाणी चुकवत पहिला मजला गाठला.

पहिल्यावर थोरला बदवी. प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर असतो. पन्नाशीचा, पोट सुटलेलं, गंजिफ्रॉकवर बसून रोटीनं फूल नावाच्या उसळीची वाटी पुसत होता. आमच्याकडं शाळेतल्या बाईला ‘अब्ला’ म्हणतात.

“या अब्ला, या! लिहा. मी, ही एतिदाल, मुलगी रौदा, धाकटा हमदी. आणि आई. खरं म्हणजे आईचंच नाव आधी लिहा, ती आमच्या डोक्यावरचा मुकुट!”

“नाव?”

“तफीदा. माझ्या नावानं सगळे उम्म बदवी म्हणतात, बदवीची आई.”

त्याची बायको एतिदाल एकदम ताटातले तुकडे गोळा करायला लागली. तिच्याकडं मी पाहिलं, तर तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी लिहिलं. दिवस मोठा होता.

दुसऱ्या मजल्यावर मधला, खलफ. ह्याची तीनचाकी आहे. अंगानं काटकुळा आणि जिभेनं तिखट. बायको, चार पोरं लिहून झाली, मी कागद मिटायला घेतला तर म्हणाला, “आणि आई?”

“आई तर खाली लिहिली.”

“खाली? खाली कुणी सांगितलं?” तो तसाच जिन्यात गेला आणि वाकून ओरडला, “अरे बदवी! आईला तू तुझ्या नावावर चढवलंस होय रे?”

खालून आवाज आला, “मी थोरला आहे!”

“थोरला असशील! मोलोखियाची भाजी कुणाकडून जाते तिला? माझ्या घरातून जाते! दर मंगळवारी!”

“आणि पाणी कोण चढवतं? माझी रौदा चढवते!”

“अब्ला, लिहा. तफीदा, वय सत्तर. माझ्यात राहते. अल्लाची शपथ.”

मी म्हटलं, “खलफ, एक बाई दोन घरांत झोपली का काल?” तर हा पठ्ठ्या म्हणतो, “मग त्याचं खोडा!”

तिसऱ्या मजल्यावर धाकटा नादी राहतो. तो घरी नव्हता. त्याची बायको हनेया दारात उभी, कडेवर पोर, मागं दोन पोरं. मी विचारायच्या आधीच तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं, “सासूबाई आमच्यात असतात. यांनी सांगून ठेवलंय.”

“बरं. सासूबाईंचं वय काय?”

हनेयानं बराच विचार केला. “म्हाताऱ्या आहेत,” ती म्हणाली.

“काल रात्री जेवल्या काय त्या?”

ती लाल झाली आणि पोराचं नाक पुसायला लागली. मला हसूही आलं आणि डोकंही फिरलं. चौथ्यावर बदवीचा लग्न झालेला मुलगा राहतो. त्याची बायको म्हणाली, “आजी कुठं राहतात ते सासऱ्यांना विचारून सांगते.” तिच्या घरावर एक मजला भाडेकरू, आणि त्यांच्या वर आजी! पण सासऱ्यांना विचारून सांगते!

आता यात पोरांचं वाईट होतं म्हणावं तर तसंही नाही. आमच्यात म्हातारी आई एकटी राहते हे तोंडानं बोलायची सोय नाही. तीन मुलगे असताना आई एकटी? लोक तोंडात शेण घालतील. म्हणून तिघांनीही, एकमेकांना न विचारता, आपापल्या घरी तिला लिहून टाकली. माझ्या कागदांवर तफीदा त्या घरात तीनदा राहत होती. सरकारला एकाच्या जागी तीन म्हाताऱ्या मिळाल्या असत्या.

पाचव्यावर फय्यूमचे भाडेकरू, नऊ माणसं. त्यांना लिहून मी सहाव्याकडं निघाले. त्या जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. प्रत्येक मजला वेगळ्या गवंड्यानं केलेला, त्यामुळं एक पायरी वीतभर, दुसरी गुडघ्याला. कठडा चौथ्यापर्यंतच. एकशे दोन पायऱ्या मोजल्या मी, मोजायचीच सवय लागली होती ना. वर पोचले तेव्हा जीव मेटाकुटीला आला होता.

दार उघडंच होतं. काळ्या कपड्यांतली एक ठेंगणी बाई पलंगाच्या कडेला बसून लसूण सोलत होती. गुडघे एवढे सुजलेले की कपड्यातूनही कळत होते.

“कोण? कुणाची गं तू?” ती म्हणाली. “बस. आधी बस. बोलू नकोस. इथं आलेलं माणूस पहिली पाच मिनिटं बोलत नाही, मला ठाऊक आहे.”

मी बसले. दम खात होते तोवर ती भिंत धरून उठली, स्टोव्हवर चहा ठेवला, आणि मी नको नको म्हणत असताना ग्लासात चार चमचे साखर घातली.

“शिरगणतीची ना? गेल्या खेपेला आम्ही चौथ्यावर होतो. त्या वेळी एक बाप्या आला होता. त्यानं हाजीलाच सगळं विचारलं, मला काही नाही.”

“मी तुम्हालाच विचारते,” मी म्हटलं. “काल रात्री कुठं झोपलात?”

“कुठं म्हणजे? ही काय गादी! मला काय कुणी बागेत बोलावलंय?”

आणि मग तिनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण लसूण सोलता सोलता ती बोलत राहिली, आणि मला पुढच्या घरी जायचं होतं तरी मी उठले नाही.

सोहागकडच्या गावातून सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती इथं आली. नवरा, म्हणजे हाजी, सूतगिरणीत होता. तेव्हा इथं चोहीकडं बरसीमच्या चाऱ्याचं शेत आणि मधे ही एक खोली. पहाटे दार उघडलं की पाय दवानं ओले व्हायचे, असं म्हणाली. मग गिरणीतले लोक येत गेले, शेत तुकड्या-तुकड्यांनी विकलं गेलं, गल्ली झाली. दर वर्षा-दोन वर्षांनी गल्लीत भराव पडे, आणि तळघरासारखी झालेली खोली सोडून ते पहिल्या मजल्यावर गेले. वाळू तिनंच डोक्यावरून चढवली. विटा तिनंच.

बदवीचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडचे म्हणाले, फ्लॅट दाखवा. फ्लॅट नाही तर मुलगी नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. पहिला मजला बदवीला दिला, आणि हे दोघं कच्च्या भिंतींच्या दुसऱ्या मजल्यावर. खलफचं ठरलं, त्याच्या सासरचे म्हणाले की वर पाणी चढत नाही, खालचा मजला द्या. दुसरा खलफला, हे तिसऱ्यावर. तिसरा नादीला, हे चौथ्यावर. चौथा नातवाला. प्रत्येक वेळी घर रंगवून, फरशी बसवून, दिवे लावून होईपर्यंत तिनं राहायचं, आणि ते नीट झालं की सुनेला द्यायचं.

“आयुष्यात कधी पूर्ण झालेल्या घरात राहिले नाही बघ मी,” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. लसणाचं साल फुंकरलं तिनं.

“आणि पाचवा?”

“पाचव्यावर हाजी गेला.” तिनं दुसरा लसूण हातात घेतला. “तिरडी जिन्यात वळेना. काय काय करून पाहिलं. शेवटी ब्लँकेटात गुंडाळून उतरवला. हा एवढा उंच माणूस! प्रत्येक वळणावर त्याचं डोकं भिंतीला लागत होतं, आणि मी वरून ओरडत होते, सांभाळा, सांभाळा. मेलेल्या माणसाला काय लागतंय? पण मला लागत होतं ना.”

त्यानंतर मुलगे म्हणाले, एकट्या बाईला तीन खोल्या कशाला. गच्चीवर दोन खोल्या बांधल्या, पाचवा भाड्यानं दिला. तिसरं वर्ष चाललं होतं, तिनं जमिनीवर पाय ठेवला नव्हता. ईदला पोरं वर येतात, हात चुंबतात, जातात.

“हिलालचा गाळा रिकामा झालाय,” ती एकदम हलक्या आवाजात म्हणाली, आणि मी नसते गेले तर कुणाला सांगितलं असतं कोण जाणे. “मी म्हटलं, तिथं एक पलंग टाका. दाराशी बसेन. येणारी-जाणारी बाई ‘उम्म बदवी, कशी आहेस’ म्हणेल. भाजीला हात लावून भाजी घेईन. दुसरं काही नको गं मला. पण बदवी म्हणतो, आई दुकानात? लोक काय म्हणतील! खलफ म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू. नादी म्हणतो इन्शाअल्ला. ते इन्शाअल्ला कसलं ते मला कळतं. हमदीला तिथं मोबाईलचं दुकान टाकायचंय.” मग तिनं माझा हात धरला. “मला हाजीसारखं ब्लँकेटात नाही उतरायचं. जित्तेपणी उतरायचंय. एवढंच.”

मला राग आवरत नाही, हा माझा जुना दोष. मी उठले, जिन्याच्या तोंडाशी गेले, आणि वर्गात ओरडते तशी ओरडले, “बदवी! खलफ! तिघंही वर या! एका बाईची तीन घरं लिहून मी तुरुंगात जाणार नाही! या वर आणि काय ते एकदा ठरवा!”

आले. नादीही तोवर घरी पोचला होता. एकामागं एक, धापा टाकत. म्हातारी इतकी खूश झाली की बघवेना. “तिघं एकदम! ईद नसताना! बसा रे, चहा टाकते.” बदवी पलंगावर कोसळला, पाच मिनिटं त्याला बोलता येईना. मी मनात म्हटलं, बरं झालं.

मी तिन्ही कागद पलंगावर पसरले. “वाचा. तीन तफीदा. खरी कोणती?”

“माझ्यात,” बदवी म्हणाला.

“माझ्यात,” खलफ म्हणाला.

नादी म्हणाला, “माझ्यात म्हणजे... सगळ्यांच्यातच आहे की ती.”

“छान!” म्हातारीनं टाळी वाजवली. चेष्टा करतेय की खरंच, मला आधी कळेना. “मग ज्याच्या नावावर मी, त्याच्या घरी मी आजच येते. उचला. खुर्ची आहे ती. कोण उचलतंय?”

खाली गल्लीत गॅसवाला टाकी बडवत चालला होता. बदवी म्हणाला की रौदाची खोली लहान आहे. खलफ म्हणाला, पोरं चार आणि पलंग दोन. नादी रडकुंडीला आला होता. खोटं नव्हतं त्यांचं. मी आताच मोजून आले होते. खलफकडं एका खोलीत सहाजणं झोपत होती. पण गाळ्याचं नाव एकानंही काढलं नाही. मीच काढलं.

“गाळा रिकामा आहे. मी स्वतः लिहिलाय तसा.”

“अब्ला, तुम्ही मोजायला आलात,” खलफ म्हणाला. “मोजा आणि जा.”

म्हातारीचा चेहरा बदलला. तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला. “ऐकलंस ना? लिही पोरी. तफीदा. सहावा मजला. एकटी. हो, एकटी! सरकारला तरी कळू दे. तिघांना वाढवलं, तीन मजले दिले, लिही!”

मी पेन उघडलं. खरं सांगते, मला आनंद झाला. त्या एका शब्दासाठी मी एकशे दोन पायऱ्या चढले असं वाटलं.

तेवढ्यात बदवी उठला आणि माझ्यापुढं हात जोडावेत तसा उभा राहिला. “अब्ला, ‘एकटी’ नका लिहू. रौदाचं ठरतंय. गुरुवारी फातिहा वाचून सोयरीक पक्की करायचीय. मुलाचा चुलता तुमच्याच कचेरीत आहे, कागद तपासायला. त्यानं वाचलं की या घरानं म्हातारीला गच्चीवर एकटी टाकलीय, तर ते म्हणतील, आईला अशी ठेवणाऱ्यांची पोर आम्हाला नको. आई, तूच सांग. रौदाचं काय?”

रौदा दारात उभी होती. पाण्याचा डबा घेऊन आली होती, आणि कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. एकवीस वर्षांची पोर, डबा खाली ठेवायचंही तिला सुचत नव्हतं.  आजीकडं बघितलं नाही तिनं.

म्हातारीनं मात्र तिच्याकडं बघितलं. 

“मुलाला फ्लॅट आहे?” तिनं विचारलं.

“आहे आजी. दुसऱ्या मजल्यावर.”

“पाणी चढतं?”

“चढतं म्हणतात.”

“मग काय हवं आणखी.” ती माझ्याकडं वळली. “लिही पोरी. मी काल बदवीकडं झोपले. पहिल्या मजल्यावर. त्याच्याकडंच राहते मी.”

“तुम्ही आत्ताच सांगितलंत...”

“म्हातारं माणूस. विसरते मी.”

“आणि गाळ्याचं?”

“होईल गं. इन्शाअल्ला.” हे ती हसून म्हणाली, आणि बदवीनं वाकून तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं, आणि म्हणाला, “आई, रौदाचं लग्न उरकलं की नक्की. माझ्या मानेवर.” ते त्याला त्या घटकेला खरंच वाटत होतं, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. मग तिघं उतरले. उतरताना त्यांना वेळ लागला नाही.

मी खलफच्या कागदावरून तिला खोडलं, नादीच्या कागदावरून खोडलं. मग सहाव्या मजल्याचा कागद घेतला, कारण प्रत्येक घराला एक कागद असतोच. ‘राहणाऱ्यांची संख्या’च्या पुढं मी शून्य काढलं. खाली कारणाचा रकाना असतो. तिथं लिहिलं, ‘बंद’. ती माझ्या समोर बसून उरलेला लसूण सोलत होती. तिला वाचता येत नव्हतं. नुसती बघत होती माझ्या हाताकडं, की झालं का.

“झालं,” मी म्हटलं. मला माझीच लाज वाटली. अजून वाटते.

शनिवारी रिफअत साहेबांनी कागद तपासले. चष्मा वर सरकवून पान उलटत होते, आणि एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

“हे बघा! सहावा मजला, दोन खोल्या, बंद. या गावात पोरं तिशी ओलांडतात, जागा नाही म्हणून लग्नं अडतात. एकेका खोलीत सहा-सहा, आठ-आठ जण. आणि हे लोक खोल्या कुलूप लावून ठेवतात! देव तरी कसं माफ करील?” ते चुकचुकले. “नीट दार वाजवलं होतंत ना बाई?”

“वाजवलं साहेब.”

“आत कुणी नव्हतं?”

त्यांच्या शेजारच्या टेबलावर रौदासाठी पाहिलेल्या मुलाचा चुलता बसला होता. पेन्सिलीला टोक करत होता, आणि त्याचं लक्ष आमच्याकडं होतं.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “कुणी नव्हतं.”